तुम्ही विचारलंत म्हणून: चढावर मी काय करते

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, सुरू व्हायच्या आधी, वेळा नोंदवायचं कार्ड हातात पडेपर्यंतच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत, कुणीतरी माझ्या रिकम्बंटभोवती, म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायच्या आडव्या सायकलभोवती, एक फेरी मारतं आणि विचारतं. माणसं बदलतात, प्रश्न तेच दोन. ‘झोपून चालवायची म्हणजे आरामच की?’ आणि ‘मग चढावर काय करता?’ गेली सहा वर्षं पहिल्याचं उत्तर मी चिडून देते आणि दुसऱ्याचं खोटं देते. आज दोन्ही नीट देते.

आधी आराम. साध्या सायकलवर 400 किलोमीटरची बीआरएम (ब्रेव्हेचंच अधिकृत नाव) पुरी करून मी घरी आले तेव्हा दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधिर होती. तासन् तास हँडलवर भार पडून तळहाताच्या मुळाशी नस दबली होती. अडीच महिने ते बधिरपण गेलं नाही. शर्टाचं बटण लावता येईना, कुलपात किल्ली फिरवता येईना. ग्लोव्ह्ज बदलले, स्टेम बदललं, हँडल वर घेतलं, दोनदा फिटिंग करून घेतलं. पुढच्या 300 ला पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, लांबचं सायकलिंग सोडा. ते सोडणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी सायकल बदलली. तुम्ही ज्याला आराम म्हणता तो माझ्या लेखी माझ्या चार बोटांचा प्रश्न आहे, आणि तो सुरुवातीच्या रेषेवर दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून मी चिडते.

शिवाय हा आराम फुकट मिळत नाही. पाय सतत वर उचललेले असतात, त्यामुळे 250 किलोमीटरच्या पुढे माझे तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात आणि मग बोटं सुन्न होतात, या वेळी पायाची. स्नायूही निराळे लागतात. साध्या सायकलवर चार वर्षांत कमावलेले पाय पहिले दोन महिने मला ओळखच देईनात.

‘चीटिंग’ हा शब्द मी तीन वेळा ऐकला आहे. एका कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, तर एकाने सरळ सांगितलं, वारा तुम्हाला लागत नाही, तुमची ब्रेव्हे अर्धीच धरायला हवी. बीआरएमच्या नियमात सायकल कशी असावी याला बंधन नाही, ती माणसाच्याच ताकदीवर चालायला हवी, एवढंच. तिथे पहिला-दुसरा नंबरही नसतो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या 1200 किलोमीटरच्या राइडला टँडेम (दोघांनी चालवायची सायकल), तीनचाकी, रिकम्बंट यांचा सुरुवातीचा गटच वेगळा असतो, त्यांना चोर समजून कुणी बाजूला काढत नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं. वर फ्रेंच सायकलपटू फ्रान्सिस फॉरचीही गोष्ट सांगितली. 1914 पासून ऑस्कर एग या सायकलपटूचा एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम 44.247 किलोमीटरवर होता. 1933 च्या जुलैत फॉरने पॅरिसच्या ट्रॅकवर मोशे नावाच्या कारागिराने बनवलेल्या आडव्या सायकलवर तासात 45.055 किलोमीटर काढले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतीची सायकल कशाला म्हणायचं याची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल बाहेर पडली. हे सांगताना माझा आवाज चढतो, कारण नव्वद वर्षांपूर्वीचा तो निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

पण फॉर ज्यावर धावला तो ट्रॅक सपाट होता. हे मी कधी सांगत नाही.

चढाबद्दल विचारलंत की मी म्हणायचे, ‘काही नाही, हलका गियर टाकायचा आणि फिरवत राहायचं.’ चाक फिरत असेल तोवर हे खरं आहे. उभं राहून पेडलवर वजन टाकता येत नाही, पाठ सीटला रेटून जो जोर लागेल तो पायांनीच. साध्या सायकलवाले दहाने चढतात तिथे मी सहाने. सपाटीवर, समोरून वारा असताना, मी त्यांच्यापेक्षा वेगाने जाते, म्हणून हिशेब जुळतो. मात्र चढावर एकदा थांबले की पुन्हा निघायचं कसं, हे कुणी विचारत नाही आणि मीही आपणहून बोलत नाही.

गेल्या मोसमातली 600. वेळ 40 तासांची, सकाळी सहाला सुरुवात, म्हणजे दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत पोचायचं. माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती, साध्या सायकलवर. तिची 200, 300 आणि 400 झाली होती. ही 600 झाली की तिचा पहिला एसआर (सुपर रँडोन्यूर, एका मोसमात ही चारही अंतरं पुरी करणाऱ्याचा किताब) होणार होता. पहिल्या दिवशी वाऱ्यात मी पुढे निघून जायचे आणि कंट्रोलवर तिची वाट पाहायचे. माझ्या मागे तिला आडोसा मिळत नाही, मी फार खाली असते. दुसऱ्या दिवशी ती माझ्या चालीने चालत राहिली, कारण झोप नसल्यामुळे मला एकटीला सोडायला तिला नको वाटत होतं.

572 व्या किलोमीटरला शेवटचा नऊ किलोमीटरचा चढ लागला तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. वर पोचलं की 19 किलोमीटर उतार आणि सपाटी, ते मी चाळीस मिनिटांत काढते. वेळ पुरेशी होती. चार किलोमीटर चढले. आठ वाजता, अंधारात, एका वळणावर समोरून ट्रक आला, मागून दुसरा. मी कडेला घेतलं आणि थांबले. तिथे चढ सगळ्यात तीव्र होता.

ट्रक गेले. मी एक पाय पेडलला अडकवला, ब्रेक सोडला, जोर लावला. हलक्या गियरमध्ये एका जोरात सायकल हातभर पुढे जाते, तेवढ्यात जमिनीवरचा पाय उचलून समोर, कमरेच्या उंचीवरच्या पेडलला लावायचा असतो. तो लागला नाही. सायकल कलली. गियर जड केला, तर चाक फिरेचना. रस्त्याला आडवी लावून निघायची युक्ती मला येते, पण वाहनं येत होती. पुन्हा प्रयत्न केला, पडले. कोपर सोलवटलं. पुन्हा. मैत्रीण पाच पावलांवर टॉर्च धरून उभी होती. ती म्हणाली, ‘अगं, चालत जाऊ या की थोडं. वर जरा सपाट झालं की बसशील.’

मी नाही म्हटलं.

का नाही म्हटलं, यावर मी वर्षभर विचार केला आहे. थकवा होताच, पण चढाला काही होत नाही असं मी इतक्या जणांना सांगितलं होतं की सायकल ढकलत चालणं म्हणजे त्या सगळ्यांसमोर कबुली दिल्यासारखं झालं असतं. तिथे तर कुणीच नव्हतं, फक्त ती. मी पंचवीस मिनिटं प्रयत्न करत राहिले. तिने घड्याळ पाहिलेलं मला दिसलं. ती काही बोलली नाही, पुढेही गेली नाही.

मग चालले. दोन किलोमीटर, क्लीट्सचे बूट घालून, चाळीस मिनिटं. वर चढ सौम्य झाल्यावर बसले, उरलेला चढ चढले, उतारावर जीव तोडून पेडल मारलं. पोचलो तेव्हा दहा वाजून तेरा मिनिटं झाली होती. आयोजकांनी दोघींच्या कार्डावर वेळ लिहिली. ती पंचवीस मिनिटं मी घालवली नसती, पहिल्या पडण्यानंतर लगेच चालू लागले असते, तर दोघी दहाच्या बारा मिनिटं आधी पोचलो असतो. हा हिशेब मी इतक्या वेळा केला आहे की तो आता चुकत नाही.

यावर तुम्ही म्हणाल, मग तीनचाकी घ्या, तोल सांभाळायचा प्रश्नच नाही. घेतली असती, पण वजन वाढतं आणि तोच चढ आणखी हळू होतो. तुम्ही म्हणाल, तिने स्वतःहून थांबायचं ठरवलं. हेही खरं आहे आणि त्याने मला बरं वाटत नाही. सहा वर्षांपूर्वीची मी म्हणेल की सायकलचा यात दोष नाही, माणसाने वेळेवर खाली उतरायला शिकावं. त्या जुन्या मीचं बरोबर आहे. पण साधी सायकल असती तर ती वेळच आली नसती, हेही बरोबर आहे. आणि साधी सायकल असती तर मी 572 व्या किलोमीटरपर्यंत पोचलेच नसते, कारण तोवर माझ्या हातांना ब्रेकही दाबता आला नसता. या तीनपैकी कुठलं मोठं, ते मला ठरवता आलेलं नाही.

त्या रात्रीबद्दल मैत्रिणीने मला कधीच काही विचारलेलं नाही. विचारता ते तुम्ही.

येत्या 600 ला आम्ही दोघींनी नाव दिलं आहे. मी आडवीच नेणार आहे. परवा मी तिला म्हटलं, या वेळी चढावर माझ्यासाठी थांबायचं नाही. ती तिच्या साखळीला तेल घालत होती. तिने मान वर केली नाही, हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.