आबांच्या लॉनचं कोटेशन

धुळ्याबाहेर सुरत-नागपूर महामार्गाला लागून एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या लॉनच्या वर्षभराच्या देखभालीसाठी मालकांनी, म्हणजे आबांनी, आम्हा तिघा ठेकेदारांना एकाच दिवशी बोलावलं होतं. मार्च महिना, लग्नसराई ऐन भरात. बाकीच्या दोघांनी फाटकातून नजर टाकली, क्षेत्रफळ विचारलं, चौरस फुटाला अमुक असा हिशेब केला आणि लिफाफे देऊन टाकले.

मी टेप काढला. मोजल्यावर लॉन भरलं 20,000 चौरस फूट. मग खुरपं घेऊन कडेकडेने फिरलो. पूर्वेच्या बाजूला लव्हाळा माजलेला. वरून उपटून काही होत नाही त्याचं, गाठी खाली राहतात आणि आठवड्यात पुन्हा डोकं काढतात. भटारखान्याकडे टेम्पोच्या चाकांनी काळी माती इतकी दाबली होती की खुरपं जाईना. मधोमध मात्र गवत चौकोनी पट्ट्यांत पिवळं पडलेलं. रात्रीचे गालिचे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसेच पडून राहत होते, आणि त्याखाली गवत अक्षरशः शिजत होतं. खताने हे भरून येत नाही.

तिथल्या म्हाताऱ्या माळीबाबांना मी पाण्याचं विचारलं. ते म्हणाले, "मे महिनामा इहीरले पानी ऱ्हास नही, भाऊ." म्हणजे मेमध्ये विहिरीला पाणी राहत नाही.

माझ्या दृष्टीने त्या लॉनचा खरा दर या एका वाक्यात होता. खानदेशात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. दिवसाला 6 मिलिमीटर पाणी धरलं, तरी एवढ्या लॉनला रोज सुमारे 11,000 लिटर लागतं. म्हणजे 5,000 लिटरचे दोन टँकर, वर थोडं. हे पैसे कोण देणार, हे कागदावर नसेल तर मेमध्ये ठेकेदार फोन उचलत नाही, मालक बिल अडवतो आणि गवत जळतं ते जळतंच. असं वाळलेलं लॉन मी या पट्ट्यात कितीतरी ठिकाणी बघितलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो.

संध्याकाळी ऑफिसात लिफाफे फुटले. माझा दर सगळ्यांत जास्त निघाला, बराच जास्त. आबा म्हणाले, "भाऊ, हे दोघं एवढ्या कमीत करतात. तुमचंच का?"

मी त्यांना दुसऱ्या दोन्ही कोटेशनांत पाणी कुठे लिहिलंय ते दाखवायला सांगितलं. कुठेच नव्हतं. मग माझे दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले: एकात फक्त कापणी, खत, तणनियंत्रण आणि माणूस, दुसऱ्यात टँकर, लागेल तेवढे, पावतीप्रमाणे, मालकाकडून. उन्हाळ्यात कापणी उंच ठेवणार आणि एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त कापणार नाही, हेही लिहिलं होतं. मालकाला लॉन कायम बारीक हवं असतं. मेमध्ये तसं केलं की मुळं उघडी पडतात, म्हणून ते आधीच ठरलेलं बरं.

"कागद कशाला? माझा शब्द आहे," आबा म्हणाले. त्यांच्या शब्दाबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार तोंडी बोलीही करार ठरू शकते. पण व्यवहार बघणार होते त्यांचे पुतणे, आणि काम करणार होती माझी माणसं. बोली झाली तेव्हा त्यांच्यातलं कुणीच हजर नव्हतं. हे सांगितल्यावर आबांनी पुतण्याला हाक मारली आणि कलमं मोठ्याने वाचायला लावली.

घासाघीस झालीच. मी दर उतरवला नाही, काम उतरवलं: मागचा 3,000 चौरस फुटांचा पट्टा करारातून काढला, तिथे पेव्हर टाकायचं आबांनी कबूल केलं आणि भट्ट्या व टेम्पो तिकडे हलवायचं ठरलं. लव्हाळ्यासाठी पहिल्या चार महिन्यांचे पैसे वेगळे धरले. दुसऱ्याच दिवशी 500 रुपयांच्या स्टँपपेपरवर सह्या झाल्या.

गालिच्याचं कलम वाचताना मात्र पुतण्या अडला. "वऱ्हाडी ऐकतील का?" आबांनी बुकिंगची पावती पुढे ओढली आणि त्याला लिहायला सांगितलं: गालिचे सकाळी आठपर्यंत उचलले नाहीत, तर अनामतीतून नुकसानभरपाई कापली जाईल.