म्हणजे किती खण रे?

पुण्यात कसब्यातला आमचा वाडा पुढच्या महिन्यात पाडायला घेणार, म्हणून रविवारी टेप घेऊन गेलो. बिल्डरच्या नकाशात आत्याच्या वाट्याला साडेतीनशे चौरस फूट कार्पेट आलंय. आत्या ऐंशीची. तिचा एकच प्रश्न, "म्हणजे किती खण रे?"

आधी हसू आलं. मग ओसरीवरच्या दोन खांबांमध्ये टेप धरली. पाच फूट दोन इंच. हा आमचा खण. याच मापावर सगळा वाडा बेतलाय: देवघर एका खणाचं, माजघर तीन खणी, ओसरी पाच खणी. आम्ही पोरं तिथे खांबखांबोळी खेळायचो, म्हणजे हे अंतर मला पायांनीच पाठ होतं.

वरचं ओझं विटामातीच्या भिंतींवर नाही, सागवानी खांब-तुळयांवर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मागची भिंत विरघळून गेली आणि माडी तशीच उभी राहिली, असं आत्या सांगते. लाकूड ओलीला टेकू नये म्हणून प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा. दारालगतच्या तळखड्याला चांगला खळगा पडलाय. आजी त्यावर सुंठ ठेचायची. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात खांब सुरूच्या झाडासारखे कोरलेत, आमचे आपले साधे चौकोनी. पण तळखडा तिथेही, इथेही.

आत्याला पाणी तापवायचा तांब्याचा बंब न्यायचाच आहे फ्लॅटवर. गॅस गिझर आहे म्हटलं तर ऐकेना. मग पोचा काढायला तो तांबट आळीत घेऊन गेलो. या तांबटांचे पूर्वज पेशवाईत कोकणातून आले. पोचा काढून कारागिराने तेवढा भाग पुन्हा मठारला, म्हणजे हातोडीने ठोके देत गेला. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून, न बघितल्यासारखा. मठारल्याने पत्रा कडक होतो, नुसती नक्षी नाही ती. तिथे बोलायचं तर ओरडूनच.

परत येऊन नकाशावर पेन्सिलीने आमच्या मापाचे खण पाडले. हॉल दोन खण, बेडरूम दोन खण, स्वयंपाकघर दीड.

"दीड?" आत्याने चष्मा काढला. "अरे, मग अर्ध्यात खांब आला की!"