आठशेचा उन्हाळी लॉग: काढून टाकलेलं परत बसवताना

पत्र्याचं आणि रंगाचं काम दिवाळीच्या सुमारास उरकलं, त्यामुळे या वेळच्या नोंदीत फोटोत दिसण्यासारखं फारसं काही नाही. सगळं बॉनेटखालचं आणि गाडीखालचं काम. गाडी तीच: १९९६ ची मारुती आठशे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, चार गिअर, नंबर एमएच १९. अमळनेरच्या एका निवृत्त गुरुजींकडून घेतलेली. गुरुजींनी गाडी जपली, पण ती जपताना वेगवेगळ्या गॅरेजवाल्यांनी तिच्यातून एकेक गोष्ट काढत नेली आहे. थर्मोस्टॅटचा वॉल (व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप) गायब. रेडिएटरच्या फॅनला थेट डॅशबोर्डवरून बटण. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कडं नाही. कूलंटच्या बाटलीत ठणठणाट. कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर, ‘उन्हाळ्यात गरम होते ना.’

खानदेशात हे उत्तर कुणालाही पटतं. मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बारानंतर रस्त्यावर केळीचे ट्रक सोडले तर चिटपाखरू नसतं. अशा हवेत गाडीतून काही काढलं की ती मोकळी होते, थंड राहते, अशी आपल्याकडची समजूत. माझा यंदाचा कार्यक्रम नेमका उलटा: जे जे काढलं ते ते परत बसवायचं, आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास भर उन्हात चाळीसगावहून कन्नड घाट चढून-उतरून यायचं.

माघ संपता संपता: वॉल

थंडीतच लक्षात आलं होतं की पहाटे गाडी तापायलाच मागत नाही. दहा-बारा किलोमीटर गेलं तरी सुई खालच्या रेघेवर, चोक अर्धा ओढलेला, पेट्रोल पिते ते वेगळंच. वॉल नसला की हेच होतं. इंजिन थंड असताना हा वॉल बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. आतल्या डबीत मेण असतं. ते तापून फुगलं की दांडा ढकलला जातो आणि वाट उघडते. इंजिन नीट तापलं नाही तर तेलात ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल साठत राहतं, तेल लवकर बाद होतं, सिलिंडर झिजतात. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा पिवळट थर दिसत होता, तो यामुळेच.

आणि उन्हाळ्यात? एकदा इंजिन पुरतं तापलं की वॉल पूर्ण उघडाच असतो. तो काढल्याने वेगळं काही हाती लागत नाही. रेडिएटर चोंदलेला असेल तर वॉल असो-नसो, गाडी उकळणारच.

हे आमच्या जिभाऊंना पटवायला वेळ लागला. जिभाऊ म्हणजे आमच्या भागातले जुने मेकॅनिक, कानाने टॅपेट सेट करणारे. नवा वॉल हातात बघून अहिराणीत म्हणाले, ‘हाऊ ठेईसन काय करशी भाऊ? मे महिनामा गाडी उकयी जाई.’ (हा ठेवून काय करशील, मे महिन्यात गाडी उकळेल.) मी म्हटलं, जिभाऊ, आधी पातेल्यात बघू, मग तुम्ही सांगा.

घरातलं भांडं या कामाला घेऊ नका. मी भंगारातलं एक ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलंय. त्यात पाणी, बाहेर चुलीवर. वॉल दोऱ्याने मधोमध लोंबता ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर तळाच्या धगीने लवकर उघडतो आणि आकडा चुकतो. शेजारी तसाच लोंबता थर्मामीटर. माझ्या वॉलवर ८२ कोरलंय. ७५ ला काही नाही, ८० ला नाही. जिभाऊ बिडी विझवून जवळ आले. ८३ च्या आसपास कडेला केसाएवढी फट दिसली, त्यातून एक बुडबुडा सुटला. मग दोऱ्याला हलका हिसका बसल्यासारखं झालं आणि चकती हळूहळू वर सरकू लागली. ९५ पर्यंत करंगळीचं टोक शिरेल एवढी वाट झाली. ‘हाई तं उघडनं!’ एवढंच म्हणाले. मग खाली उतरवल्यावर तो परत मिटेपर्यंत बघत बसले. नवा वॉलसुद्धा असा तपासूनच बसवा. बंद अडकलेला वॉल बसला तर मात्र इंजिन खरंच उकळतं, आणि ‘वॉल काढा’ ही प्रथा अशाच अडकलेल्या वॉलमुळे पडली असणार असा माझा अंदाज.

बसवताना दोन गोष्टी. वॉलच्या कडेला हवा सुटायचं छोटं भोक असतं, ते वरच्या बाजूला यायला हवं. आणि झाकणाचे बोल्ट ताकद लावून आवळायचे नाहीत, ॲल्युमिनियममधले आटे चटकन जातात.

होळीच्या आगेमागे: रेडिएटर, पाणी, टोपण

जुन्या आठशेचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्यामुळे दुरुस्त होतो. जळगावात वरची टाकी उघडून आतल्या नळ्यांत सळई मारून घेतली. उघडल्यावर दिसलं ते बोअरचं पाणी तापवणाऱ्या बंबाच्या तळासारखं: पांढरा, टणक, थराथराचा क्षार. काही नळ्या तर पार बुजलेल्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आहे हे सगळ्यांना माहीत, तरी रेडिएटरला तेच जातं. मी आता डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालतो. इथे पाणी गोठायची भीती नाही हे खरं, पण कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज धरू देत नाहीत. हिरवं, लाल, निळं या रंगांवर जाऊ नका, रंगाचा काही ठरलेला नियम नाही. बाटलीवर वाचा, आणि दोन जातींची सरमिसळ टाळा.

जुनं कूलंट घमेल्यात काढलं की लगेच झाकायचं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागतं आणि जहरी असतं. आमच्या वाड्यात कुत्री, मांजरं, शेजाऱ्यांचं वासरू, सगळ्यांचा वावर. नालीत तर अजिबात ओतायचं नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं टोपण. माझ्या टोपणावर ०.९ लिहिलंय. म्हणजे साधारण तेवढ्या बारचा जादा दाब ते धरून ठेवतं, आणि त्या दाबाला साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. टोपणाचं रबर गेलं की हा सगळा फायदा गेला. गुरुजींच्या गाडीवरचं रबर चिरलेलं होतं. टोपणातला छोटा वॉलही चिकटला होता: थंड होताना तो उघडून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरात येऊ देतो.

आणि हाच दाब अंगावर येतो. गरम गाडीचं टोपण फिरवलं की दाब एकदम उतरतो, आत शांत दिसणारं पाणी त्याच क्षणी उकळून बाहेर उसळतं. धाब्यावर उभ्या गाडीचं टोपण फडक्याने उघडणारे लोक दर उन्हाळ्यात दिसतात. फडकं काही वाचवत नाही, उलट उकळतं पाणी धरून ठेवतं. वरचा रबरी होज हाताने सहज दबेपर्यंत थांबायचं. घाई असेल तरी थांबायचं.

उकळलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी मारायचा प्रकारही तसाच. हेड ॲल्युमिनियमचं, एका बाजूने गार झालं की वाकतं, मग गॅस्केट गेलंच समजा. सुई वर चढू लागलीच तर हीटर पूर्ण चालू करून काचा खाली करा. हीटरचा कोअर हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तिकडून निघते. मे महिन्यात हीटर लावून एरंडोल ते पारोळा जाण्यातली मजा ज्याची त्याने अनुभवावी.

फॅन

बटणाची वायर थेट बॅटरीवरून आणलेली, मध्ये फ्यूज नाही, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकाला रबर नाही. पत्र्याच्या धारेवर वायरचं आवरण घासून तांबं दिसायला लागलं होतं. गाडीला आग लागल्याच्या बातम्या वाचतो त्यातल्या काही अशाच वायरीतून सुरू होत असणार. सगळं काढलं. नवा थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा), रिले, फ्यूज, भोकाला रबर, फॅनभोवतीचं कडं भंगार बाजारातून. कडं नसलं की फॅन आजूबाजूची हवा घोटत बसतो, रेडिएटरच्या जाळीतून पुरेशी ओढत नाही. आता गाडी उभ्याने चालू ठेवली की फॅन आपोआप लागतो, सुई खाली येते, बंद पडतो. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, आणि शेवटी तेच लावायचं. आमच्या आठशेचा फॅन चावी बंद असली की गप्प असतो, पण कित्येक नव्या गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक फिरतो. बोटं सांभाळा.

पेट्रोलचे पाइप

लिंबाच्या सावलीत बसून केलेलं काम. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या उन्हात बंद पडल्या की इंजिनावरच्या, पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायची रीत आपल्याकडे आहे. कारण खरं आहे: पंप हेडला चिकटून, पेट्रोलची पाइपातच वाफ होते, पंप वाफ ओढत राहतो. माझ्या गाडीत टाकीकडे परत जाणारा पाइप कुणीतरी बुच मारून बंद केला होता. तो मोकळा केला, पाइप इंजिनाच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून दूर बांधले, फडकं अजून लागलेलं नाही.

पाइप मात्र सगळे बदलले. पेट्रोल भरायच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि १९९६ चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते कडक होतं, चिरतं, पाझरतं. नवा पाइप घेताना इथेनॉल चालतं का हे विचारूनच घ्या. काम उघड्यावर, इंजिन थंड, बॅटरी सुटलेली, जवळ अग्निशामक. जिभाऊंची बिडी त्या दिवशी फाटकाबाहेर.

टायर

नक्षी जवळजवळ कोरी, म्हणून गुरुजींनी ठेवले होते. बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. एकावर ३६१२ होतं, म्हणजे २०१२ चा छत्तिसावा आठवडा. कडेच्या रबरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी लागते, पण एवढ्या जुन्या, चिरलेल्या टायरला त्या मापाचा काय उपयोग. चारही बदलले, स्टेपनीसुद्धा.

हवा भरणारा म्हणाला, उन्हाळा आहे, कमी ठेवतो, नाहीतर फुटेल. ही समजूत घराघरात आहे आणि उलटी आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त वाकतो, जास्त तापतो. डांबर आधीच पेटलेलं असतं. कंपनीने सांगितलेला दाब, सकाळी, गाडी फिरवण्याआधी मोजून. फिरून आल्यावर वाढलेला दिसला तरी काढायचा नाही, कंपनीने ती वाढ धरलेली असते.

चाकं काढताना गाडी जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, विरुद्ध चाकाला दगड, आणि गाडीखाली जायचं असेल तर जॅकवर विश्वास ठेवायचा नाही, घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या. मी काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवतो.

आखाजीच्या आधी: ब्रेक, मग घाट

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ नवं असताना २०५ अंशांना तरी उकळत नाही, ओलावलं की १४० च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि पेडल खाली जातं. नेमकं उतारावर. माझं चहासारखं तपकिरी होतं. पुतण्याला पेडलवर बसवलं: दाब, धर, सोड. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, बाटलीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही. सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवायचा, रंग उडवतो. दिवाळीचा नवा रंग असल्याने पुतण्याला याची आठवण जरा जास्तच वेळा करून दिली.

घाट मुद्दाम दुपारी गाठला. पायथ्याशी हवा ४३ दाखवत होती. दुसऱ्या गिअरमध्ये चढ, एका पिकअपच्या मागे रेंगाळत, फॅन जवळजवळ सगळा वेळ चालू. सुई मध्याच्या थोडी वर गेली आणि तिथेच थांबली. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद केलं नाही, मिनिटभर चालू ठेवलं. उतरताना ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने, ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून सोडायचा, सतत पाय ठेवून बसायचं नाही. न्यूट्रल करून ‘पेट्रोल वाचवणारे’ दोघे मागून येऊन पुढे गेले. पुढच्या वळणावर त्यांच्या ब्रेकचा वास आला. पायथ्याला ब्रेकचं पेडल घाटमाथ्यावर होतं तेवढंच उंच होतं. चाकांजवळ हात नेला, पुढची दोन्ही सारखीच गरम. मागचं डावं मात्र उजव्यापेक्षा गार.

म्हणजे मागच्या डाव्या ड्रममधला ब्रेकचा सिलिंडर नीट ढकलत नाहीये. पुढचं काम ते. सोबत टायमिंग बेल्ट, तो शेवटचा कधी बदलला हे गुरुजींच्या वहीत सापडत नाही, म्हणून पावसाआधीच बदलतोय. जिभाऊंनी या आठवड्यात गावातल्या आणखी एका आठशेसाठी वॉल मागवलाय. पातेलं सध्या त्यांच्याकडे आहे.