आबांच्या विलीस वॅगनखाली नवी चेसी बसवण्याची आखणी: माझा अनुभव

चोपडा तालुक्यातील आमच्या गावी, खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, आजोबांची १९५२ सालची विलीस स्टेशन वॅगन पस्तीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. आबांनी ती एका जिनिंग कारखानदाराकडून घेतली होती. केळीचे घड, सरकीची पोती आणि वऱ्हाडातले पाहुणे यांपैकी जे समोर येईल ते वाहून नेण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. ती शेवटची लांब गेली ती चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून तेव्हाच्या औरंगाबादला, आणि त्या प्रवासात रेडिएटर तीनदा उकळला, ही हकिगत आमच्या घरात अजूनही सांगितली जाते. मागच्या दिवाळीत शेड पाडून नवे बांधायचे ठरले, तेव्हा गाडी भंगारात द्यावी की उभी करावी असा प्रश्न आला आणि मी मोठ्या उत्साहाने जाहीर केले की तिच्या बॉडीखाली आजची चेसी (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा) आणि आजचे इंजिन बसवून मी ती पुन्हा त्याच घाटात नेईन. पुढचे आठ महिने केवळ आखणीत गेले. त्यात काय घडले आणि कोणत्या गोष्टी मी उलट्या क्रमाने केल्या, ते येथे नोंदवत आहे.

बॉडी चांगली होती, हे पहिले कारण. १९४६ मध्ये बाजारात आलेल्या या वॅगनचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन आरेखनकाराचा. त्या काळी अशा गाड्यांचा मागचा भाग लाकडी असे, तो त्यांनी संपूर्ण पोलादी केला, आणि पत्रा फार खोल दाबावा लागणार नाही असे उथळ, सपाट भाग योजले. त्यामुळे आज एखादा भाग सडला असेल तर कोणताही बरा डेंटर तो सरळ पत्र्यातून घडवू शकतो. आमच्या गाडीत पुढची फरशी आणि मागच्या दाराची खालची कड एवढेच गेले होते.

मूळ इंजिन म्हणजे २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल हरिकेन, ज्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. ताकद सुमारे ७२ अश्वशक्ती, गिअर तीन, आणि हौसिंगचे (अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरचे) गुणोत्तर ५.३८, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे ५.३८ फेरे. या शेवटच्या आकड्याचा अर्थ मला एका संध्याकाळी वहीत गणित मांडल्यावर समजला. टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर धरला तर ताशी ८० किलोमीटर वेगाला टॉप गिअरमध्ये इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे ३१०० होतात, आणि हे इंजिन पूर्ण ताकद देते तेच मुळी ४००० फेऱ्यांना. राष्ट्रीय महामार्गावर मागून ट्रक अंगावर येत असताना ही गाडी सतत धापा टाकत पळणार, हे कागदावरच दिसत होते.

नव्या इंजिनासाठी दोन पर्याय समोर ठेवले. पहिला स्कॉर्पिओचा एमहॉक: २१७९ सीसी, म्हणजे जुन्या इंजिनापेक्षा आकाराने किंचित लहानच, पण १२० अश्वशक्ती आणि सुमारे २८० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारा. दुसरा बोलेरोचा २५२३ सीसीचा कॉमन रेल डिझेल: अवघी ६३ अश्वशक्ती, पण टॉर्क १९५ न्यूटन मीटर आणि पाच गिअर. एवढा टॉर्क जुन्या तीन गिअरच्या पेटीवर आणि सत्तर वर्षांच्या अ‍ॅक्सलवर टाकणे शहाणपणाचे नव्हते, म्हणजे इंजिन बदलायचे तर गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद हौसिंगपर्यंत नेणारा दांडा), हौसिंग आणि ब्रेक हे सारे बदलणार. ज्यावर हे सारे बसते ती चेसीच का बदलू नये, हा विचार तिथून आला. त्यात एक मोहात पाडणारा योगायोग सापडला. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या दोन्हींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २६८० मिलिमीटर आहे, आणि आमच्या फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) वॅगनचे १०४.५ इंच, म्हणजे २६५४ मिलिमीटर. फरक फक्त २६ मिलिमीटरचा. तो पुढे-मागे १३-१३ मिलिमीटर वाटून बॉडी बसवली तर चाक आपल्या कमानीत बोटभरही चुकलेले दिसणार नाही. हा आकडा जुळल्यावर मी जवळपास आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हतो, असे आमच्या घरातल्यांचे म्हणणे आहे.

अमळनेरच्या मिस्त्रींनी मात्र गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आपल्या अहिराणीत एवढेच विचारले, “भाऊ, इंजिन ते बसी जाई, पन कागद बसतीन का?” मी ते हसण्यावारी नेले. ते पहिल्याच दिवशी गांभीर्याने घेतले असते तर पुढचे निम्मे अंतर वाचले असते.

मापे घेण्याचे काम मात्र आम्ही मन लावून केले, आणि आखणीतला तो भाग मला आजही अभिमानाचा वाटतो. शेडमध्ये सिमेंटचा कोबा आहे. गाडी चार ठोकळ्यांवर ट्यूब लेव्हलने सपाट घेतली आणि चेसीवर जिथे जिथे बॉडी बोल्टने बसते, जिथे पाट्यांचे हँगर आहेत, जिथे स्टिअरिंग बॉक्स आणि इंजिनाचे फाउंडेशन आहे, त्या प्रत्येक ठिकाणाहून गवंड्याचा ओळंबा खाली सोडून कोब्यावर खडूची खूण केली. गाडी बाजूला ढकलल्यावर जमिनीवर तिचा पूर्ण नकाशा उरला. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांची कर्णमापे घेतली, तेव्हा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा १४ मिलिमीटर लांब निघाला. याचा अर्थ चेसी कधीतरी धडकेत तिरकी झाली होती आणि बॉडी इतकी वर्षे त्या तिरकेपणाला सरावली होती. सरळ, नव्या चेसीवर ही बॉडी ठेवली असती तर डावीकडची दारे लागली नसती. म्हणून बॉडी उचलण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे आणि तिरके अँगल वेल्ड करून ती जखडायची, आणि उचलल्यावर आधी तिचे कर्ण तपासायचे, असे आम्ही ठरवले.

जुळलेले २६८० सोडले तर बाकीचे आकडे तितके दयाळू नव्हते. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका बोलेरोची चेसी आम्ही त्याच पद्धतीने मोजली आणि तिचा नकाशा वेगळ्या रंगाच्या खडूने पहिल्यावर काढला. बॉडी बसण्याची जवळपास सगळी ठिकाणे नव्याने करावी लागणार होती. त्यासाठी चेसीला भोके न पाडता बाहेरून ब्रॅकेट लावणे योग्य, कारण चेसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवरच वाकण्याचा सर्वाधिक ताण येतो. इंजिन जिथे बसते तिथून नवा गिअर लिव्हर पुढच्या सीटच्या मध्यावर वर येत होता. डिझेल इंजिनाचे चेंबर (तळाची ऑइलची टाकी) चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीला, क्रॉस मेंबरला, लागू नये म्हणून इंजिन उचलावे, तर बॉनेट लागत नव्हते. ते मागे घ्यावे, तर फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) कापावी लागत होती. प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे वळणारे सांधे, समान कोनात राहावेत, म्हणजे गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि हौसिंगचा पिनियन एकमेकांना समांतर असावेत, नाहीतर विशिष्ट वेगाला गाडी घरघरते आणि क्रॉस लवकर जातात. त्यासाठी प्लायवूडवर एकास एक मापाचा उभा छेद काढला, कार्डबोर्डचे इंजिन करून त्यावर सरकवून पाहिले, आणि पाचव्या प्रयत्नात फायरवॉलला ४० मिलिमीटरचा खळगा देऊन गणित बसले.

रेडिएटरचा प्रश्न आमच्या भागात वेगळाच असतो. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वॅगनची जाळी उभट व अरुंद आहे. आजच्या डिझेल इंजिनाला रेडिएटरपुढे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) लागतो, एसी बसवला तर त्यापुढे त्याचा कंडेन्सर, आणि तीन थर पार करून येणारी हवा शेवटच्या थराला गरमच मिळते. ब्रेकसाठी बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलने ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) धरला, कारण मूळ गाडीत एकच सर्किट आहे आणि एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. वायरिंगबाबत निर्णय सोपा होता. मूळ गाडी सहा व्होल्टची; नव्या इंजिनाला बारा व्होल्ट, ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि चावीशी जोडलेला इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) हवा. हे सुटे सुटे गोळा करण्यापेक्षा एक पूर्ण अपघातग्रस्त गाडीच घ्यावी.

आणि इथे मी पैसे घालवले. एका भंगारवाल्याकडे मागून ठोकलेली बोलेरो होती, पुढचा भाग शाबूत. मी २५ हजार रुपये आगाऊ दिले आणि मग कागद मागितले. आरसी बुक रद्द झालेले होते आणि रद्द करताना प्रथेप्रमाणे चेसीवरचा नंबराचा तुकडा कापून जमा केला होता. म्हणजे मी जी चेसी घेणार होतो तिला नंबरच नव्हता. आबांच्या गाडीचा नंबर त्यावर ठोकून घेऊ, असे त्याने सहज सुचवले. हा सरळसरळ गुन्हा आहे, हे सांगितल्यावर तो हसला आणि पैसे परत द्यायला मात्र आजतागायत तयार नाही. पावती न घेतल्याचा दोष माझा.

त्यानंतर मी मोटार वाहन कायदा, १९८८ उघडून वाचायला बसलो, जे मी पहिल्या आठवड्यात करायला हवे होते. कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ जे तपशील ठरवले त्यांच्याशी आरसीतील नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची तरतूद त्यात आहे, पण ती सीएनजी, बॅटरी अशा संचांना उद्देशून आहे. घरी आखलेल्या डिझेल इंजिनाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा हाच कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिनाची क्षमता, इंधन आणि चेसी नंबर हे तिन्ही आरसीवर असतात, आणि माझ्या आखणीत हे तिन्ही बदलत होते. अशा गाडीचा विमा काढलाच, तरी अपघातानंतर कंपनी याच मुद्द्यावर हात वर करेल, हे वेगळे सांगायला नको.

जळगावच्या आरटीओ कार्यालयातील एका ज्येष्ठ कर्मचाऱ्यांनी माझी वही शांतपणे चाळली, नकाशाचे कौतुक केले आणि मग विचारले, “काका, ही गाडी मूळ रूपात ठेवली तर तिची किंमत किती, याचा विचार केला का?” त्यांनी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत आलेली व्हिंटेज वाहनांची तरतूद दाखवली. पन्नास वर्षांहून जुने वाहन, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेले असेल तर त्याची ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होऊ शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. मात्र असे वाहन प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. मला घाट चढायचा होता, प्रदर्शनात उभे राहायचे नव्हते, म्हणून तो मार्ग मी घेतला नाही. पण माझ्या आखणीने एका झटक्यात साधी नोंदणीही गेली असती आणि ही वाटही कायमची बंद झाली असती, हे त्या टेबलासमोर उभे असताना लक्षात आले.

म्हणून आठव्या महिन्यात बेत बदलला. चेसी मूळचीच राहील, इंजिनही मूळचेच. हरिकेन इंजिन महिंद्राच्या जुन्या जीपमध्येही असल्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आपल्याकडे मिळतात, आणि मिस्त्रींनी ते पूर्वी डझनांनी उघडलेले आहे. रेडिएटरचा कोअर जास्त नळ्यांचा करून घ्यायचा, ब्रेकचे सगळे पाइप आणि लायनर नवे घालायचे, आणि ताशी ६० च्या पुढे जायचे नाही. घाटात सकाळी सहाला शिरायचे, ही मिस्त्रींची अट आहे.

कागदांचे काम अजून चालू आहे. आरसी आबांच्या नावावर होते आणि ते जाऊन तीस वर्षे झाली, त्यामुळे वारसाहक्काने नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागली. दोन्ही काकांनी लगेच सह्या दिल्या. आत्यांची सही राहिली आहे, कारण ती गाडी लग्नात आपल्याला द्यायचे ठरले होते असे त्यांचे म्हणणे आहे. जुनी नोंद संगणकावर नव्हती, तिच्या बॅकलॉग एन्ट्रीसाठी (जुनी नोंद संगणकावर चढवण्यासाठी) तीन फेऱ्या झाल्या. त्यानंतर तपासणी आणि नूतनीकरण.

इंजिनाचा ब्लॉक सध्या अमळनेरला बोअरिंगसाठी गेला आहे. बॉडी उचलावी लागणारच आहे, कारण ते १४ मिलिमीटर तसेच ठेवून चालणार नाही. चेसी सरळ करून तीच परत खाली घालायची आहे. कोब्यावरचा बोलेरोचा नकाशा मी ओल्या पोत्याने पुसला, आणि वॅगनच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावरून पिवळ्या ऑइलपेंटचा ब्रश फिरवून ठेवला आहे.