सातव्या खंडातलं सँडविच

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. शब्द देखणा आहे, पण काम अर्धंच करतो. आपला परीस लोखंडाचं सोनं करतो आणि थांबतो. मूळ गोष्टीतल्या दगडापासून अमृतही मिळतं, आणि खलनायक व्हॉल्डेमॉर्टला सोन्याशी काही देणंघेणं नाही, त्याला अमृतच हवंय. म्हणजे चोर कशासाठी आलाय तेच शीर्षकातून निसटलं. बरं, दुसरा शब्द सुचवा म्हटलं तर मलाही सुचत नाही. या मालिकेबद्दलची माझी बरीचशी कुरकुर अशीच आहे.

आधी कौतुक, कारण ते खरं आहे. १९९७ ते २००७ या काळात आलेल्या सात खंडांची बांधणी बघायची असेल, तर फक्त एका कपाटाचा माग काढा. दुसऱ्या खंडाचं चौथं प्रकरण: चुकून भलत्याच दुकानात पोचलेला हॅरी एका काळ्या कपाटात लपतो. त्याच खंडाचं आठवं प्रकरण: पीव्ह्‌ज हे भूत शाळेतलं एक कपाट वरून खाली आपटतं. वाचणारा हसतो आणि विसरतो. पाचव्या खंडाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात हॅरीच्या मित्राचे, रॉनचे, जुळे भाऊ एका मुलाला त्याच मोडक्या कपाटात कोंबतात. आणि सहाव्याच्या सत्ताविसाव्यात कळतं, की दुकानातलं आणि शाळेतलं ही जोडी आहे. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर! हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको वर्षभर तेच दुरुस्त करत बसला होता. १९९८ साली ठोकलेली खुंटी २००५ साली कामाला आली. ही चार प्रकरणं ओळीनं वाचून बघा, पुढच्या लेखकांनी नुसतं ‘रहस्य’ म्हणून काय काय खपवलं ते लक्षात येईल.

क्विडिच या उडत्या झाडूंवरच्या खेळाचं मात्र गणित बिघडलेलं आहे. एका गोलाला १० गुण, स्निच हा इवलासा उडता चेंडू पकडला की १५० आणि खेळ तिथेच खलास. म्हणजे एका पोराच्या हाताला पंधरा गोलांची किंमत. गोव्यात फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियममध्ये असा नियम आणला तर प्रेक्षक पंचाला घरी जाऊ देणार नाहीत. पण तिसऱ्या खंडातला अंतिम सामना बघा. गुणतक्त्यात विरोधी संघ स्लिदरिन नेमके २०० गुणांनी पुढे, म्हणून ५० पेक्षा जास्त गुणांची आघाडी होईपर्यंत हॅरीनं स्निच पकडायचाच नाही. गोलफरकावर स्पर्धा जिंकण्याची धाकधूक आपल्याला नवी नाही. नियम खुळा आहे, पण लेखिकेनं त्याच खुळेपणातून मालिकेतला सगळ्यात चांगला सामना काढला.

पैशांचंही तसंच. १७ सिकलचा एक गॅलियन, २९ नटांचा एक सिकल, म्हणजे गॅलियनला ४९३ नट. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात १६ तांगांचा रुपिया आणि ६० रेइसांचा तांगा मोजलेल्या पिढीला यात नवल वाटलं नसतं. फरक एवढाच, की १६ आणि ६० चे निदान भाग तरी पडतात. १७ आणि २९ चे पडत नाहीत. अशा चलनात बाजार करणारी माणसं जादूगारच हवीत.

जाडीबद्दल बोलायलाच हवं. मूळ इंग्लंडातल्या आवृत्तीची पानं: २२३, २५१, ३१७, मग एकदम ६३६, ७६६, ६०७ आणि ६०७. चौथ्यापासून कात्री हरवली. पाचव्यात हॅरीचा संताप दोनशे पानं कमी असता तरी आपल्याला पोचला असता. आणि आपल्याकडच्या पावसात ही जाडी पुस्तकालाच बाधते. कागद दमट होऊन फुगतो, आणि नुसत्या गोंदावर चिकटवलेला कणा मधोमध उलतो. असा खंड भिंतीला टेकवू नका, प्लास्टिकमध्ये तर मुळीच गुंडाळू नका. आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी धरते. वाचताना एकदम मधोमध उघडू नका, दोन्ही बाजूंनी थोडी थोडी पानं मोकळी करत आत जा.

हे सगळं मी माफ करते. चौथ्या खंडाच्या पहिल्या आवृत्तीत एक चूक होती: व्हॉल्डेमॉर्टच्या कांडीतून त्यानं मारलेली माणसं शेवटची आधी अशी निघतात, तिथे हॅरीची आई लिली हिच्या आधी त्याचा बाप जेम्स बाहेर आला होता. क्रम उलटा हवा होता, पुढे तो दुरुस्त झाला. अशा चुका होतात.

हाऊस-एल्फांचं, म्हणजे जादूगारांच्या घरी राबणाऱ्या गुलामांचं, प्रकरण मात्र घशाखाली उतरत नाही. मालकानं कपडा दिला की एल्फ सुटतो. डॉबी हा एल्फ सुटतो एका मोज्यावर, तिथवर टाळ्या. चौथ्या खंडात शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर त्याला आठवड्याला दहा गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. घासाघीस करून तो पगार कमी करून घेतो: एक गॅलियन, महिन्याला एक सुट्टी. हॅरीची मैत्रीण हर्मायनी गुलामीविरुद्ध संघटना काढते, बिल्ला दोन सिकलला. डॉबीच्या आठवड्याच्या कमाईत आठ बिल्ले येतील, वर एक सिकल उरेल. आणि पुस्तक हसतं कुणाला? हर्मायनीला. ‘त्यांना आवडतं ते’ असं रॉन म्हणतो, भल्या मनाचा हॅग्रिडही म्हणतो, आणि या म्हणण्याला पुस्तक शेवटपर्यंत धड उत्तर देत नाही. विणलेल्या टोप्या लपवून ठेवण्याची हर्मायनीची रीत चुकीचीच होती, कारण तिनं एल्फांना विचारलंच नव्हतं. पण तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

गोव्यात बसून हे वाचताना जुने गोवे आठवतं. तिथल्या रुआ दिरेता या मुख्य रस्त्यावर सकाळी भरणाऱ्या लिलावाचं वर्णन १५८३ मध्ये इथे आलेल्या लिन्शोटेन या डच माणसानं लिहून ठेवलंय. अरबी घोडे, गालिचे, मसाले, आणि त्याच रांगेत माणसं. ‘त्यांना आवडतं’ असं म्हणणारे तेव्हाही मालकच असणार.

सातव्या खंडाचं छत्तिसावं प्रकरण काढा. स्वयंपाकघरातले सुरे घेऊन एल्फ लढाईत उतरतात, सगळ्यांच्या पुढे हॅरीचा म्हातारा एल्फ क्रीचर. व्हॉल्डेमॉर्ट मरतो. प्रकरणाच्या शेवटच्या वाक्यात हॅरीला आपला पलंग आठवतो, आणि क्रीचर तिथे सँडविच आणून देईल का, असं त्याच्या मनात येतं. नुकत्याच लढून आलेल्या क्रीचरला काही खायला मिळालं का, याबद्दल अक्षर नाही. पान उलटलं की एकोणीस वर्षं झालेली असतात. स्टेशन, पोरं, पोरांची नावं सगळं आहे. क्रीचर नाही.