तीर्थनची कास्ट देवबागला चालत नाही

फ्लाय-फिशिंगमध्ये, म्हणजे कृत्रिम माशी (फ्लाय) लावलेल्या गरीने मासा धरताना, ट्राउटवर हात बसला की समुद्र सोपा, हे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. आणि ‘तीर्थन खोरं अधिक मालवण, ऑक्टोबर, एकाच किटवर’ असं पॅकेज कोणी विकत असेल तर त्याच्यावर त्याहून कमी ठेवा. ऑक्टोबरात हिमाचलातली तीर्थन नदी उत्तम असते, पण मालवणजवळ देवबागला समुद्राला मिळणाऱ्या कर्लीच्या खाडीत पावसाचा गाळ अजून खाली बसलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत खाडी निवळते, तेव्हा हिमाचलात ट्राउटची बंदी असते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दोन्ही पाणी एका वेळी धड मिळतं ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. बाकी तारखा विकणाऱ्याच्या सोयीच्या.

तीर्थनबद्दल थोडक्यात, कारण तिथे फारसं बिघडत नाही. औटच्या बोगद्यात न शिरता लार्जीकडे वळा, बंजारवरून गुशैणी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गरी टाकायची नाही, त्याखालच्या टप्प्यात मत्स्यविभागाचा परवाना लागतो. तो स्वतःच्या नावावर घ्या आणि पावती हातात ठेवा. ऑपरेटरच्या बिलातला परवान्याचा आकडा आणि पावतीवरचा आकडा यांत जे अंतर दिसलं, त्यात दोघांचं चांगलं जेवण झालं असतं. एप्रिलच्या अखेरीपासून बर्फ वितळून पाणी राखाडी होतं, तेव्हा जाऊ नका.

नदी धोंड्यांची आहे. 9 फुटी 4 किंवा 5 वेट रॉड (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक), फ्लोटिंग म्हणजे तरंगणारी लाइन, तिच्या टोकाला 9 फुटी निमुळता लीडर, आणि शेवटी फ्लाय बांधायचा बारीक दोरा, 4एक्स टिपेट. त्याहून बारीक टिपेट खडकाला घासून तुटतं. टंगस्टन मणी असलेले 12 ते 16 नंबरचे निम्फ (पाण्यात बुडणाऱ्या, किड्याच्या अळीसारख्या फ्लाय) पुरेत. फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन प्रकारांपलीकडे डबा भरायची गरज नाही. लांब कास्ट (लाइनची फेक) इथे नुकसानच करते, कारण रॉड आणि माशामध्ये वेगवेगळ्या वेगाचे तीन प्रवाह असतात आणि प्रत्येक जण लाइन आपल्याकडे ओढतो. धोंड्याच्या खालच्या अंगाला, चार-पाच मीटरवर उभे राहा, निम्फ वरच्या बाजूला टाका, रॉड उंच धरून लाइन पाण्याबाहेर ठेवा. लीडर अडखळला की मनगटाने रॉड उचला. बुटांना गुळगुळीत रबरी तळ नको, फेल्ट किंवा खिळे हवेत. गरीचा काटा पक्कडीने दाबून टाका, मासा ओल्या हातानेच धरा. झालं.

आता देवबाग. हाताला लागलेल्या सगळ्या सवयी इथे उलट्या पडतात.

पहिली म्हणजे रॉड उचलण्याची. चोणक (रायगडकडचा जिताडा) किंवा तांबोसा मासा फ्लाय तोंडात घेतो तेव्हा रॉड वर गेला की फ्लाय तोंडातून निसटते, कारण रॉडच वाकून सगळा जोर खातो आणि कडक जबड्यात गरी रुतत नाही. टोक पाण्याला जवळपास टेकवून सरळ लाइनच्या रेषेत ठेवायचं आणि डाव्या हाताने लाइन हातभर जोरात मागे खेचायची. मासा जड लागला की आणखी एकदा खेचायची, मगच रॉड उचलायचा. हे वाचून जमत नाही. घरी मैदानात कोणाला तरी लाइनचं टोक धरून न सांगता हिसका द्यायला लावा, हात आपोआप वर जातो का ते कळतं. बहुतेकांचा जातो.

दुसरी लाइन. थंड पाण्याची ट्राउट लाइन इथल्या उन्हात मऊ आणि चिकट होते, गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) धड सरकत नाही. उष्ण कटिबंधासाठी बनवलेली 8 वेट लाइन, तसाच रॉड, रीळवर किमान 150 मीटर बॅकिंग (लाइनमागचा राखीव दोरा). लीडर 20 पाउंड, शेवटी 45 सेंटीमीटर 40 पाउंडी शॉक टिपेट (घासणं सोसणारा जाड दोरा). चोणकाच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते आणि तोंड कानशीसारखं, बारीक टिपेट दोनदा घासलं की गेलं. फ्लाय 1/0 किंवा 2/0 गरीवरची क्लाउझर मिनो (छोट्या माशासारखी जड फ्लाय), पांढरी-हिरवी. ती लूप गाठीनेच बांधा, घट्ट गाठीत तिची मान हलत नाही.

तिसरी, वारा. सकाळी अकराच्या सुमारास समुद्राकडून सुटतो आणि दुपार खाऊन टाकतो. त्यावर औषध डबल हॉल: मागच्या आणि पुढच्या दोन्ही कास्टला रॉडच्या शेवटच्या झटक्याबरोबरच डावा हात खाली ओढायचा, आणि लगेच लाइनबरोबर वर येऊ द्यायचा. नवशिक्यांचा हात खालीच राहतो. मग पुढच्या वेळी ओढायला लाइन उरत नाही, ढिली पडते, आणि जड क्लाउझर मानेवर येते. वारा उजवीकडून असेल तर पाठ वळवून मागच्या कास्टवरच सोडा. गॉगल आणि टोपी ही शोभेची वस्तू नाही.

वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास, हा हिशेब मुंबईकडचा. मालवणला भरती थोडी आधी येते, खाडीत आत तेवढीच उशिरा. उधाणाला पाणी गढूळ आणि ओढ भलती. नवमी-दशमीला भांगाचं (कमी भरती-ओहोटीचं) पाणी स्वच्छ असतं, आणि सकाळी सुकती (ओहोटी) सुरू होते तेव्हा वारा यायला बराच वेळ असतो. पहिले दोन तास कांदळवनातून चर खाडीला मिळतात त्या तोंडांवर घालवा. पाणी उतरताना कोळंबी आणि बारीक शेवटे मासे तिथूनच बाहेर पडतात. फ्लाय आडवी टाका, बुडू द्या, दोन छोटे खेच, एक थांबा.

आणि होडी. यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. संगमावरच्या पर्यटक बोटी ‘पॉइंट’ मोजून भाडं घेतात. डॉल्फिन पॉइंट, सुनामी बेट, आणि अधूनमधून मासेमारी. इंजिनाच्या आवाजाने चराचं तोंड रिकामं होतं आणि तुम्ही पूर्ण बोटीचं भाडं भरून कांदळांचे फोटो काढता. ते पैसे फुकट आहेत, सरळ सांगतो. तुम्हाला हवी साधी वल्ह्याची होडी आणि बांबूने ढकलणारा गाववाला, जो शेजारच्या घरात राहतो आणि ज्याला कुठे कोळंबी उतरते ते ठाऊक आहे. राहत्या घराच्या यजमानांना विचारा, किनाऱ्यावरच्या एजंटला नको. भाव आदल्या संध्याकाळी ठरवा, तासांवर, पॉइंटवर नाही. होडीत लाइन अडकेल असे खिळे, दोऱ्या, जाळी असतातच, म्हणून एक पसरट प्लास्टिकचा टब मागून घ्या आणि खेचलेली लाइन त्यात सोडा.

चिखलात उतरून मात्र उभे राहू नका. सुकतीत चराच्या कडेचा गाळ मांडीपर्यंत आत घेतो, आणि कडक दिसतो तिथे कालवं असतात. ती लाइनचं वेष्टन कापतात, पाय त्याहून लवकर. समुद्राच्या तोंडाशी, देवबागच्या टोकाला, ओहोटीच्या ओढीत कमरेएवढ्या पाण्यातही जाऊ नका. तिथल्या माणसांनी नको म्हटलं की विषय संपला.

परत आल्यावर रीळ गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं नाही, खारट पाणी आतच जातं. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट करून हलक्या धारेखाली धुवा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा. गाइडच्या कड्यांवर मिठाचा पांढरा पट्टा राहिला असेल तर तो नखाने काढा.