गायक नसलेल्या बँडचा पहिला अल्बम

रविवार, रात्र

आज दिवसभर लुनार स्ट्रेन चालू आहे. सकाळी कपड्यांच्या घड्या घालताना लावला, दुपारी झोप येईना म्हणून परत, आणि संध्याकाळी गिटार काढून बसलो ती आत्ता बोटं दुखायला लागल्यावर खाली ठेवली. एवढ्या दिवसांनी काहीतरी लिहावंसं वाटलं तर ते एका स्वीडिश डेथ मेटल (दणदणीत गिटारी आणि घसा फोडून ओरडणं) बँडबद्दल, असू दे, रोजनिशी माझीच आहे.

तर इन फ्लेम्स. गोथेनबर्गचा बँड, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदराचं शहर आहे ते. लुनार स्ट्रेन हा त्यांचा पहिला अल्बम, १९९४ चा, आणि गंमत म्हणजे तो केला तेव्हा बँडकडे गायकच नव्हता. गाणी आहेत, स्टुडिओ बुक आहे, लेबल, म्हणजे अल्बम काढणारी कंपनी, मिळालंय, आणि माईकसमोर उभं राहायला माणूस नाही. मग शेजारच्या बँडमधून उसना आणला.

लेबल मिळालं तो किस्सा तर अजूनच भारी. येस्पर स्ट्रॉमब्लाद, ज्याने बँड काढला, त्याने आणि बाकीच्या पोरांनी डेमो पाठवला आणि वर थाप ठोकून दिली की आमची तेरा गाणी रेकॉर्ड करून तयार आहेत. मालक म्हणाला ऐकवा की मग, आणि लगेच साईन पण केलं. लेबलचं नाव राँग अगेन रेकॉर्ड्स, आता याच्यावर मी काय बोलू. अल्बमवर शेवटी दहाच ट्रॅक आले, त्यातही एक लोकसंगीतातली जुनी धून. येस्पर तेव्हा एकवीस वर्षांचा. आपल्याकडे त्या वयात पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री फाईली कॉपी करत असतात, याने अख्खा अल्बम थापेवर उभा केला.

आणि हा माणूस अल्बमवर वाजवतोय काय, तर ड्रम्स! ज्याच्या डोक्यातून त्या गिटारच्या सगळ्या सुरावटी निघाल्या, ज्याला आयर्न मेडन बँडसारख्या गाणाऱ्या दोन गिटारी आणि डेथ मेटलचा दणका एकत्र हवा होता कारण तसं कोणी केलेलं त्याने ऐकलंच नव्हतं, तो मागे ड्रम बडवत बसलाय. पुढच्या मोठ्या अल्बमच्या वेळी ब्यॉर्न येलोत्ते ड्रम्सवर आला तेव्हा कुठे हा गिटार घेऊन पुढे आला, आणि मग काही वर्षांनी तो ब्यॉर्नसुद्धा ड्रम्स सोडून गिटारवर आला. या बँडमध्ये ड्रमची खुर्ची म्हणजे गिटारची वेटिंग लिस्ट होती बहुतेक.

उसना गायक म्हणजे मिकाएल स्टाने. डार्क ट्रँक्विलिटीचा. पण थांबा, तो तिथला मूळचा गायक नव्हताच, आधी गिटार वाजवायचा. डार्क ट्रँक्विलिटीचा पहिला अल्बम स्कायडान्सर १९९३ चा, त्यावर गायलाय आंदेर्स फ्रिडेन. हाच फ्रिडेन नंतर इन फ्लेम्समध्ये आला आणि आजपर्यंत तिथेच आहे, आणि तो गेल्यावर स्टाने गिटार ठेवून डार्क ट्रँक्विलिटीच्या माईकवर गेला आणि तोही आजपर्यंत तिथेच. म्हणजे इन फ्लेम्सचा पहिला अल्बम ऐकायचा तर डार्क ट्रँक्विलिटीच्या माणसाचा आवाज ऐकायचा, आणि डार्क ट्रँक्विलिटीचा पहिला ऐकायचा तर इन फ्लेम्सच्या. हे दोन अल्बम लागोपाठ ऐकले की डोकं जरा गरगरतं, नवीन माणसाला तर मी आधी हे समजावूनच देत नाही, ऐक म्हणतो आणि त्याचं तोंड बघत बसतो.

बरं एवढ्यावर थांबतील तर शपथ. हॅमरफॉल म्हणून बँड आहे, पॉवर मेटलवाला, तलवारी, ढाली, उंच आवाजात गाणं वगैरे. त्याची सुरुवातीची माणसं बघा, ऑस्कर ड्रोन्याकने काढलेला बँड, गायक आपला स्टाने, ड्रम्सवर आपला येस्पर. म्हणजे तीच पोरं, रिहर्सल रूममध्ये आज हे उद्या ते. पुढे १९९६ मध्ये एका स्पर्धेच्या वेळी स्टानेला जमेना म्हणून दुसरा गायक घेतला, तो म्हणजे योआकिम कान्स, आणि हॅमरफॉलची गाडी जी सुटली ती सुटलीच. मला प्रश्न पडतो की त्या काळात गोथेनबर्गला नक्की किती पोरं मेटल वाजवत होती, का आठ-दहा जणच शर्ट बदलून सगळे बँड चालवत होते.

आणि सगळ्यांचं रेकॉर्डिंगही एकाच ठिकाणी, स्टुडिओ फ्रेडमन, फ्रेड्रिक नूर्दस्त्रोमचा. स्कायडान्सर तिथे, लुनार स्ट्रेन तिथे, १९९५ चा ॲट द गेट्सचा स्लॉटर ऑफ द सोल तिथे, १९९६ चा इन फ्लेम्सचा जेस्टर रेस तिथे. स्टॉकहोमच्या बाजूला तेव्हा वेगळंच चाललेलं, सनलाईट स्टुडिओ, एन्टूम्ब्ड बँडचा लेफ्ट हँड पाथ अल्बम, आणि तो बॉस कंपनीचा एचएम-टू पेडल (गिटारचा आवाज फाडणारा डबा) चारही नॉब फुल करून लावायचा की गिटारीतून करवत चालल्यासारखा आवाज. तो मला आवडतोच, भांडण नाही. पण करवतीत सूर शोधायला लागतात आणि गोथेनबर्गवाल्यांनी सूरच आधी ठेवला.

आता मला जे म्हणायचंय ते. लोक लुनार स्ट्रेनला कच्चा अल्बम म्हणतात, आवाज पातळ आहे, ड्रम्स डब्यासारखे, प्रॉडक्शन नाही. आहेच, मी कुठे नाही म्हणतोय. कॉलेजला हॉस्टेलच्या लॅनवर डीसी प्लस प्लस (एकमेकांच्या फाईली ओढायचं सॉफ्टवेअर) चालायचं, त्यात इन फ्लेम्सचं अख्खं फोल्डर वर्षावार लावलेलं कोणीतरी शेअर केलं होतं, सगळे जण क्लेमन आणि कम क्लॅरिटी हे नंतरचे अल्बम ओढून घ्यायचे, १९९४ च्या फोल्डरला कोणी हात लावायचं नाही. पण मला वाटतं या अल्बमला जो काही चेहरा आहे तो गायक नव्हता म्हणूनच आलाय. गायक असलेला बँड गाणं लिहितो तेव्हा आवाजासाठी जागा सोडतो, कडव्यात गिटार जरा मागे सरते, एकच रिफ, म्हणजे सुरांचा छोटा तुकडा, घुमवत राहते, की बाबा आता तू बोल. इथे जागा सोडायची कोणासाठी? म्हणून गिटारी थांबतच नाहीत. एक सुरावट संपायच्या आत दुसरी, स्टाने ओरडत असतो तेव्हासुद्धा मागे दोन गिटारी आपापलं गातच असतात. तुम्ही मनातल्या मनात आवाज पुसून टाका, गाणं तसंच्या तसं उभं राहतं. जेस्टर रेसबद्दल मी असं म्हणणार नाही, तिथे फ्रिडेन घरचा माणूस आहे आणि गाणी त्याला धरून वळतात. जेस्टर रेस चांगला आहे का? अर्थात चांगला आहे, जास्तच चांगला आहे. पण तो बँडचा अल्बम आहे आणि हा चालींचा.

स्टानेचा आवाजही इथे डार्क ट्रँक्विलिटीच्या गॅलरी अल्बमसारखा भरलेला नाहीये, विशीतला पोरगा आहे, जोर लावून ओरडतोय, कुठे कुठे घसा फाटतोय असं वाटतं. मला ते पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला शोभतं. काम करून निघून जातो.

संध्याकाळी बिहाइंड स्पेस बसवत होतो. अल्बमचं पहिलंच गाणं. एक लाईन फोनवर रेकॉर्ड केली आणि तिच्यावर दुसरी वाजवायला गेलो. ही जी दोन गिटारींची हार्मनी असते ती बहुतेक वेळा थर्डमध्ये, म्हणजे खालच्या गिटारीचा जो सूर असेल त्याच्या स्केलमधला एक सोडून पुढचा सूर वरची वाजवते. ऐकायला सोपं. पण अंतर सारखं ठेवून चालत नाही! मायनर स्केल घेतलं, आपल्या हिशोबाने आसावरी थाटाचे सूर, ग ध नी कोमल, तर खाली सा असेल तर वर कोमल ग, तीन फ्रेटचं, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या तीन घरांचं अंतर. रे ला म, तरीही तीनच. पण खालची गिटार कोमल ग वर आली की वरच्याला प वर जायला लागतं आणि ते चार फ्रेट होतात. मग म ला कोमल ध, परत तीन. बोटाला एकच आकार पाठ करून सरकवत नेलं की तिसऱ्या सुरालाच कडू लागतं. मी सरगम म्हणत म्हणत बसवतो, टॅब (कुठल्या तारेवर कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं) बघून मला कधीच जमलं नाही, पेटी शिकवायला यायच्या त्या बाईंनी डोक्यात जे घातलं ते अजून निघालेलं नाही. आणि एकदा का दोन्ही लाईनी जुळल्या की जे होतं ना, दोन्ही गिटारींपेक्षा वेगळाच तिसरा काहीतरी आवाज आल्यासारखं वाटतं आणि अंगावर काटा येतो, दरवेळी, वय झालं तरी.

गाण्याच्या शेवटी सगळा गोंगाट बंद होतो आणि नुसती ॲकूस्टिक गिटार. ही आत काहीतरी करत होती, बाहेर येऊन म्हणाली "हे छान आहे की, हे का नाही लावत तू?" तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं. "आला का तो परत." म्हटलं, येणारच, त्यालाच बोलावलंय.

हेच गाणं त्यांनी १९९९ मध्ये कॉलनी अल्बमवर परत केलंय, फ्रिडेनच्या आवाजात. दणदणीत आहे, ड्रम्स छातीवर येतात, सगळं जागच्या जागी. आणि तो ॲकूस्टिक शेवट कापून टाकला. का रे बाबा? मला कळतं, अल्बमच्या मध्ये गाणं पळत राहायला हवं वगैरे. तरी तो शेवट म्हणजे अर्धं गाणं होतं माझ्या मते. तेव्हापासून मी कॉलनी ऐकताना ते गाणं आलं की पुढचं लावतो, बाकी अल्बम आवडतो.

एव्हरलॉस्टचे दोन भाग आहेत, दुसऱ्या भागात एका बाईचा आवाज आणि शांत गिटार, डेथ मेटलच्या अल्बमवर मध्येच. त्याच्या मागोमाग होर्गालोतेन. ही ती लोकसंगीतातली धून. स्वीडनमध्ये हेल्सिंगलांड म्हणून भाग आहे, तिथल्या होर्गा गावाची गोष्ट सांगतात. गावात नाच चाललेला असतो, एक अनोळखी फिडलवाला येतो आणि अशी काही धून वाजवतो की पोरापोरींना नाच थांबवताच येत नाही. तो वाजवत वाजवत निघतो, हे नाचत नाचत मागे, डोंगरावर जातात आणि नाचतच राहतात, शेवटी नुसती हाडं उरतात. तो फिडलवाला म्हणजे सैतान. आता मला सांगा, सैतान, डोंगर, हाडं, डेथ मेटलवाल्या पोरांना याहून तयार माल कुठे मिळणार होता. पण त्यांनी काय केलं, त्याच्यावर भयानक काही रचलं नाही, ओरडले नाहीत, नुसती धून वाजवली आणि पुढच्या गाण्याकडे वळले. गोष्ट ज्याला माहितीय त्याला माहितीय. मला हे फार आवडलं. आणि ही धून ऐकली की मग बाकीच्या गाण्यांतल्या सुरावटी कुठून आल्या तेही कळायला लागतं, सगळं काही आयर्न मेडनच्या खात्यावर मांडायचं कारण नाही, थोडं फिडलच्या खात्यावर पण जाऊ दे.

जुना इन फ्लेम्स की नवा इन फ्लेम्स या भांडणात मी पडत नाही. २००२ नंतर त्यांनी रस्ता बदलला, ज्यांना जायचं ते गेले, ज्यांना यायचं ते आले. येस्परनेही २०१० मध्ये बँड सोडला. पण त्यानंतरचं एक मात्र सांगायलाच हवं, द हेलो इफेक्ट. येस्पर गिटारवर, स्टाने माईकवर, सोबत नीक्लास एंगेलिन, पेटर इवर्श, दानियल स्वेन्सन, म्हणजे इन फ्लेम्सची जुनीच मंडळी. पहिला अल्बम २०२२ मध्ये आला, डेज ऑफ द लॉस्ट. लुनार स्ट्रेनवर उसना म्हणून आलेला माणूस आणि ज्याने उसना आणला तो माणूस, मधे अठ्ठावीस वर्षं. अल्बम ऐकला, चांगला आहे, सफाईदार आहे, येस्परची एक एक लाईन ओळखू येते, हीच ती चढण आणि हाच तो उतार. पण यात गायक हजर आहे. गिटारी त्याच्यासाठी थांबतात. चुकीचं काही नाही त्यात, उलट स्टाने आता जसा गातो तशा आवाजासाठी थांबायलाच हवं. मला आपलं न थांबणारं जास्त आवडतं, एवढंच.

दोन लाईनी फोनवर एकावर एक चढवून कंटाळा आला शेवटी. कॉलेजात माझ्याबरोबर वाजवायचा त्या मित्राला मेसेज टाकला, पुढच्या रविवारी गिटार घेऊन ये, बिहाइंड स्पेस बसवू, दुसरी गिटार तू. लगेच उत्तर आलं, वरची लाईन मी घेणार, खालची तू. म्हटलं वरची मी बसवलीय ऑलरेडी. तर म्हणे मग ड्रम्स वाजव, येस्परने नाही का वाजवले.